मॉनिटरला मॅचिंग कशाला?

दोन मॉनिटर लावायचे असतील तर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, जोडीनंच घ्या, असा सल्ला हल्ली सर्रास ऐकू येतो. यूट्यूबवरचे ‘डेस्क सेटअप’चे व्हिडिओ पाहिले की वाटतं, टेबलावर दोन सारख्या स्क्रीन, मागे जांभळा दिवा आणि कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड असल्याशिवाय माणसाला काम करायची परवानगीच नाही. या व्हिडिओंचा धंदा काय आहे ते उघड आहे, त्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. पण ते पाहून जे लोक हात आखडता घेतात, त्यांच्याविषयी मात्र बोलायला हवं. पानामागे काही रुपये घेऊन घरी टायपिंग करणारी मुलगी, भिवंडी-मालेगावातला डीटीपीवाला, दुकानदारांचे हिशेब संगणकावर चढवणारा तरुण, अनुवाद करणारी माझ्यासारखी माणसं. “दुसरा मॉनिटर घ्यायचाय, पण सध्या जोडी परवडत नाही” असं म्हणत ही मंडळी वर्षानुवर्षं लॅपटॉपच्या १५ इंचात मान खुपसून बसतात. आणि त्याच घराच्या माळ्यावर, नाहीतर ओळखीच्या दुकानात, एक चांगला चालू मॉनिटर धूळ खात पडलेला असतो.

माझं म्हणणं साधं आहे. अक्षरांचं किंवा आकड्यांचं काम करणाऱ्याला दुसरा मॉनिटर हवाच. पण तो पहिल्यासारखा असण्याची काही गरज नाही. वेगळा असला तर बऱ्याचदा जास्त बरं. मॉनिटर म्हणजे साडीवरचा ब्लाउजपीस नव्हे, की मॅचिंग सेंटरात नेऊन रंग लावून बघावा.

मुळात दोन मॉनिटर शेजारी ठेवायची रीत रुजली तीच न जुळणाऱ्या जोडीतून. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला, तेव्हा त्याच्यासाठी दोन वेगळी डिस्प्ले कार्डं मिळत. एक फक्त अक्षरांचं, हिरव्या एकरंगी मॉनिटरसाठी. दुसरं रंगीत चित्रांचं. अक्षराच्या कार्डात एकेका अक्षराला ९ बाय १४ ठिपक्यांची जागा होती, रंगीत कार्डात ८ बाय ८ ची. म्हणजे वाचायला हिरवा चांगला, आलेख बघायला रंगीत. दोन्ही कार्डांनी मेमरीतल्या वेगवेगळ्या जागा वापरल्यामुळे ती एकाच पीसीत सुखानं नांदत. ‘लोटस १-२-३’ वापरणारे लोक आकड्यांचा तक्ता हिरव्यावर आणि त्याचा आलेख रंगीत मॉनिटरवर पाहत. प्रोग्रामर मंडळी प्रोग्राम एकावर चालवत आणि त्यातल्या चुका दुसऱ्यावर शोधत. १९८७ मध्ये ॲपलच्या ‘मॅकिंटॉश टू’नं एकाहून अधिक मॉनिटर जोडायची सोय दिली, आणि सर्वसामान्यांच्या घरात ती आली ‘विंडोज ९८’ बरोबर. एक हिरवा नि एक रंगीत शेजारी शोभत नाहीत, ही तक्रार त्या लोकांना परवडणारी नव्हती. प्रत्येक मॉनिटर ज्या कामाला योग्य, त्या कामाला त्यांनी तो लावला.

दोन स्क्रीनमुळे काम किती टक्क्यांनी वाढतं, याचे आकडे तुम्हीही कुठेतरी वाचले असतील. त्यांतला बराच उद्धृत होणारा एक अभ्यास अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातला आहे. त्याला पैसा मॉनिटर आणि ग्राफिक कार्ड बनवणाऱ्यांचा होता. त्यामुळे तो अभ्यास खोटा ठरत नाही, पण टक्केवारीवर विसंबायची गरजही उरत नाही. कारण फायदा कुठे होतो ते उघड्या डोळ्यांना दिसतं. एका ठिकाणचं वाचून दुसऱ्या ठिकाणी लिहायचं, हे ज्याच्या कामाचं स्वरूप आहे, त्याला फायदा होतो. बाकीच्यांना दुसऱ्या स्क्रीनवर व्हॉट्सॲप उघडं ठेवायची सोय होते, एवढंच.

माझं काम उर्दूतून मराठीत आणण्याचं. मूळ मजकूर बहुतेक वेळा जुन्या छापील पुस्तकाचं स्कॅन असतं, कातिबानं हातानं लिहून शिळाप्रेसवर छापलेलं. त्यातून शब्द उचलून इकडे चिकटवता येत नाही, डोळ्यांनी वाचूनच टाइप करावं लागतं. एकाच स्क्रीनवर हे करायचं तर दर वाक्याला खिडकी बदलायची. खिडकी बदलली की नजर ओळ सोडते, आणि परत येते ती भलत्याच ओळीवर. उर्दूत हा धोका जरा जास्तच, कारण एका पानावरची अर्धीअधिक वाक्यं ‘है’ किंवा ‘था’ वर संपतात. पूर्णविरामाची ती बारीकशी आडवी रेघ जुन्या छपाईत दिसली तर दिसली. नजर पहिल्या ‘है’ वरून उठते, चौथ्या ‘है’ वर बसते, आणि मधली तीन वाक्यं गायब होतात. हस्तलिखितांची नक्कल करणाऱ्यांना ही चूक शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. अनुवाद सुरळीत वाचला जातो, अर्थ जुळल्यासारखा वाटतो, म्हणून संपादकालाही ती सापडत नाही. मूळ लेखकाची तीन वाक्यं मराठी वाचकापुरती कायमची नाहीशी होतात. मूळ पान डोळ्यांसमोरून हलतच नसेल, तर ही शक्यता फार कमी होते. मला दुसरा मॉनिटर लागतो तो एवढ्यासाठी.

आता त्यातली जागेची गोष्ट. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, मराठी डावीकडून उजवीकडे. उर्दूचं पान डावीकडच्या मॉनिटरवर ठेवलं आणि मराठी उजवीकडच्या, तर उर्दू ओळीची सुरुवात डाव्या मॉनिटरच्या उजव्या कडेला येते आणि मराठी ओळीची सुरुवात उजव्या मॉनिटरच्या डाव्या कडेला. म्हणजे दोन्ही भाषांच्या ओळी मधल्या सांध्यापासूनच सुरू होतात आणि विरुद्ध दिशांना जातात. नवी ओळ शोधायला नजरेला जेमतेम वीतभर सरकावं लागतं. हेच उलट लावून बघा, उर्दू उजवीकडे आणि मराठी डावीकडे. दोन्ही ओळींची सुरुवात टेबलाच्या दोन टोकांना जाते आणि दर ओळीला मान टेनिसच्या प्रेक्षकासारखी फिरते. कुणाला यात गंगा-जमनी वगैरे रूपक दिसत असेल तर त्याची मर्जी. मला त्यात फक्त कमी दुखणारी मान दिसते. इंग्रजीतून अनुवाद करणाऱ्यांना हा आयता फायदा नाही; त्यांनी मूळ मजकुराची खिडकी अरुंद करून सांध्याजवळ ओढून घ्यावी.

वेगळ्या मापांचा उपयोग इथेच कळतो. माझ्याकडे टाइप करायला २४ इंची रुंद मॉनिटर आहे, आणि मूळ पान ठेवायला जुना, जवळजवळ चौकोनी १९ इंची. बारा-पंधरा वर्षांपूर्वी बँकांत आणि सायबर कॅफेत सगळीकडे दिसायचा तोच. आकडे ऐकून वाटेल, २४ समोर १९ म्हणजे अगदीच लहान. पण इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. उंची मोजा. रुंद २४ इंचीची उंची जवळपास ३० सेंटिमीटर भरते, आणि चौकोनी १९ इंचीचीही तेवढीच. त्यावरच्या ठिपक्यांच्या ओळीही फार वेगळ्या नाहीत, एकाच्या १०८० आणि दुसऱ्याच्या १०२४. एका इंचात बसणारे ठिपके एकावर ९२, दुसऱ्यावर ८६. त्यामुळे अक्षरं दोन्हींवर जवळजवळ एकाच मापाची दिसतात. कमी आहे ती फक्त रुंदी, आणि पुस्तकाचं उभं पान दाखवायला ती लागतच नाही. म्हणून दुकानात गेलात तर कंपनी आणि इंच विचारण्याआधी खिशातून पट्टी काढा. १७ इंची चौकोनीही चालतो. त्याची उंची २७ सेंटिमीटर, अक्षरं थोडी बारीक.

नस्तालीक वाचणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. या लिपीत शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो, त्यामुळे तिला उभी जागा देवनागरीपेक्षा जास्त लागते. शिवाय बे, पे, ते, से यांचा सांगाडा एकच, फरक नुक्त्यांचा. स्क्रीन धूसर असेल तर नुक्ते एकमेकांत मिसळतात आणि ‘पीर’चा ‘तीर’ होतो. स्कॅन मोठं करता येतं, म्हणून तिथे जुना मॉनिटर खपून जातो. उर्दू कंपोज करणाऱ्यानं मात्र जो मॉनिटर जास्त स्पष्ट, तो उर्दूला द्यावा. देवनागरीलाही अशा अडचणी आहेत, घ आणि ध, भ आणि म, कुठेतरी हरवलेला अनुस्वार; पण सराव असलेला मुद्रितशोधक त्या निभावून नेतो.

लॅपटॉपशेजारी मोठा मॉनिटर, ही सगळ्यात जास्त दिसणारी बेजोड जोडी, आणि सगळ्यात जास्त त्रास देणारीही. साडेपंधरा इंचाच्या फुल एचडी लॅपटॉपवर एका इंचात १४१ ठिपके असतात, बाहेरच्या २४ इंचीवर ९२. सेटिंग तसंच ठेवलं तर एकच परिच्छेद इकडे मुंगीएवढा आणि तिकडे मुंगळ्याएवढा दिसतो. डोळा दर वेळी नव्यानं जुळवून घेतो आणि संध्याकाळी कपाळ ठणकतं. उपाय फुकटचा आहे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये लॅपटॉपला १५० टक्के आणि बाहेरच्याला १०० टक्के द्या; १४१ ला दीडनं भागलं की ९४ येतात, हिशेब जुळला. विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून, प्रत्येक मॉनिटरला वेगळी टक्केवारी देता येते. जुने प्रोग्राम मात्र हे समजून घेत नाहीत; एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर ओढले की त्यांची अक्षरं फुगल्यासारखी पुसट होतात. असा प्रोग्राम ज्या मॉनिटरवर वापरायचा, त्याला ‘मुख्य’ ठरवा, एकदा साइन आउट करून परत या, आणि प्रोग्राम तिथेच उघडा.

माऊस सांध्यावर अडकतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. त्याच सेटिंगमध्ये दोन्ही मॉनिटरच्या चौकटी काढलेल्या असतात. टेबलावर ते जसे मागेपुढे, वरखाली आहेत, तशाच त्या चौकटी ओढून ठेवल्या की अडकणं बहुतेक थांबतं. १०८० आणि १०२४ मध्ये ५६ ठिपक्यांचा फरक राहतो, तेवढ्या पट्टीत तो अडणारच. तो फरक सगळा खाली किंवा सगळा वर ढकलावा, हात जिकडे कमी जातो तिकडे.

रंगाचं काय? जुन्या मॉनिटरमध्ये उजेडासाठी बारीक नळ्या असतात. वर्षं सरली की त्या मंदावतात आणि पिवळट होतात. नवा मॉनिटर दुकानातून येतो तो मात्र झगझगीत निळसर पांढरा. दोन्हींवर कोरं पांढरं पान उघडा आणि आधी नव्याचा उजेड उतरवून जुन्यापाशी आणा. मग त्याच्या मेनूत जाऊन रंग ‘वॉर्म’ कडे सरकवा. जुन्याला खेचून नव्यासारखं करायला जाऊ नका. त्याच्यात तेवढा उजेडच उरलेला नसतो. तंतोतंत जुळणार नाही, आणि मजकुराच्या कामाला जुळायची गरजही नाही. फोटो, छपाईची मुखपृष्ठं, व्हिडिओ यांचं काम करणाऱ्यांना रंग बरोबर हवा हे मला मान्य आहे. पण त्यांनाही एक मॉनिटर उत्तम असला की पुरतं. दुसऱ्यावर फायलींची यादी आणि ग्राहकाचे मेसेज असतात, त्यांना कसला आलाय रंग!

एक मात्र टाळा. जुना स्वस्त मॉनिटर आडवा करून उभा लावण्याचा मोह. त्यांतले बरेचसे ‘टीएन’ पद्धतीचे असतात. वरून किंवा खालून पाहिलं की त्यांचा रंग बदलतो. तो ९० अंशात फिरवला की वर-खालीचा दोष डाव्या-उजव्यात येतो, आणि दोन डोळ्यांना एकच पान दोन छटांचं दिसायला लागतं. दहा मिनिटांत डोकं गरगरतं. उभं लावायचंच असेल तर ‘आयपीएस’ लावा.

मांडणीचा नियम एकच: ज्याच्यावर टाइप करता तो नाकासमोर, दुसरा बाजूला थोडा आतल्या बाजूला वळवून. दोन अगदी सारखे मॉनिटर घेतलेल्यांकडे मी पाहिलंय, ते हौसेनं दोन्ही समसमान ठेवतात. मग नेमका मधला काळा सांधा नाकासमोर येतो आणि माणूस दिवसभर तिरका बसतो. वेगळ्या मापाच्या जोडीत मुख्य कोण आणि मदतनीस कोण, हे आपोआप ठरतं. वरच्या कडा डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली याव्यात. चाळिशीचा चष्मा असेल तर आणखी थोड्या खाली. उंची वाढवायला महागडं स्टँड नको, जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा पुरतो.

खर्चाचं म्हणाल तर जुन्या मॉनिटरला बहुधा व्हीजीएची केबल असते आणि नव्या लॅपटॉपला ते छिद्रच नसतं. एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागतो. तो घेताना दिशा नीट सांगा. व्हीजीएमधून एचडीएमआय करणारा दिसायला तसाच असतो आणि उपयोगाचा नसतो. नुसती दोन टोकांची साधी केबलही चालत नाही, कारण एक डिजिटल आणि दुसरा ॲनलॉग. जोडल्यावर चित्र सरकलेलं दिसलं तर मॉनिटरचं ‘ऑटो’ बटण दाबा. वीज? समजा ३५ वॅट. रोज ८ तास, महिन्याचे २५ दिवस, मिळून ७ युनिट. बिलाचा दर तुम्हाला माहीत आहे, गुणाकार करून बघा.

आता ज्यांच्याकडे असे मॉनिटर ढिगानं पडलेले असतात, त्यांच्याकडे वळतो. कार्यालयं, बँका, महाविद्यालयं, वृत्तपत्रं दर काही वर्षांनी मॉनिटर बदलतात. जुने गोदामात जातात, आणि मग लॉट लावून भंगारात. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांनुसार मोठ्या ग्राहकांनी ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याकडेच द्यायचा आहे. पण चालू मॉनिटर कचरा होतो तो कुणीतरी त्याला कचरा म्हटल्यावर. ते म्हणण्याआधी तो एकदा विजेला लावून बघायला काय हरकत आहे? आणि चालत असेल तर ज्यांच्याकडून तुम्ही पानाच्या हिशेबानं काम करून घेता, त्यांना आधी का विचारू नये? पगारी नोकराला दुसरा मॉनिटर मिळाला तर वाचलेल्या वेळात साहेब दुसरं काम सांगतो. पानावर पैसे घेणाऱ्या बाईचा वाचलेला तास तिचा स्वतःचा असतो. तेवढ्यात ती आणखी दोन पानं करेल, किंवा मुलांचा अभ्यास घेईल, किंवा नुसती पाठ टेकेल. आणि हो, मॉनिटर दिला म्हणून पानाचा दर कापायची हुशारी कुणी करू नये. आपल्याकडे ती होते, म्हणून आधीच बोलून ठेवतो.

मोहल्ल्यातल्या अभ्यासिकांनाही हेच लागू. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरताना एका स्क्रीनवर अर्ज आणि दुसऱ्यावर गुणपत्रिका, आधार, उत्पन्नाचा दाखला उघडे असले, तर नावाचं स्पेलिंग चुकून अर्ज बाद होण्याचे प्रकार कमी होतील. आपल्या नावांची इंग्रजी स्पेलिंगं प्रत्येक कागदावर निराळी असतात, हे वेगळं सांगायला नको. शेख एका ठिकाणी एका ‘एस’नं, दुसरीकडे ‘एसएच’नं. दोन्ही कागद शेजारी दिसले की ते अर्ज पाठवायच्या आधी लक्षात येतं.

आणि मॉनिटर खरोखरच मेला तर? जुन्या मॉनिटरमधल्या त्या उजेडाच्या नळ्यांत थोडा पारा असतो. दिल्लीतल्या सीलमपूरसारख्या ठिकाणी असला माल हातांनी, उघड्यावर फोडला जातो, आणि फोडणाऱ्यांत कोवळ्या वयाची मुलंही असतात. तेव्हा मेलेला मॉनिटर दारावर आलेल्या भंगारवाल्याला किलोवर विकू नका, आत काय आहे ते बघायला घरी उघडूही नका. नवा घेताना दुकानदाराला विचारा, जुना परत घेणार का. नाहीतर जवळचं नोंदणीकृत संकलन केंद्र शोधून तिथे पोचवा. केबल आणि कन्व्हर्टर मात्र काढून ठेवा, पुढच्या जुन्या मॉनिटरला लागतील.